कुंकवाचा लाल कोणत्या फिल्मवर खरा उतरतो?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, घरातला जुना अल्बम काढा आणि त्यातला शाळेचा ग्रुप फोटो शोधा. १९८०-९० च्या दशकातला, रंगीत. पुढे खुर्च्यांवर बाई आणि सर, मागे बाकांवर उभी मुलं. आता चेहरे नीट बघा. उजळ रंगाच्या मुलांचे डोळे, भुवया, हसू सगळं दिसतं. शेजारच्या सावळ्या मुलाचा चेहरा मात्र पुष्कळदा काळपट ठिपका होऊन बसलेला असतो. "तुझा फोटो काही चांगला येत नाही बाई" हे वाक्य किती घरांत बोललं गेलं असेल! मुलांनी ते खरंही मानलं. दोष कुणाचा होता, हे समजून घ्यायचं तर फिल्मच्या पोटात शिरावं लागतं. आणि फिल्म कशी पारखायची हे शिकायला नाशिकच्या रस्त्यांसारखी दुसरी शाळा नाही.

आधी थोडं विज्ञान. रंगीत फिल्मवर चांदीच्या क्षारांचे थर असतात. एक थर निळ्या प्रकाशाला जागतो, एक हिरव्याला, एक तांबड्याला. फिल्म धुताना प्रत्येक थरात त्याच्या विरुद्ध रंग तयार होतो: निळ्याच्या जागी पिवळा, हिरव्याच्या जागी किरमिजी, तांबड्याच्या जागी मोरपंखी. चांदी धुऊन काढली जाते, उरतो तो फक्त रंग. म्हणजे निगेटिव्हमधला रंग हा समोरच्या साडीतून आलेला नसतो, तो रसायनशाळेत ठरवलेला असतो. कोणत्या थराला किती जाग द्यायची, पिवळा किती ऊबदार ठेवायचा, हे कंपनी ठरवते. म्हणूनच एकच झेंडूचा हार दोन फिल्मवर दोन तऱ्हेचा दिसतो.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि पुढे नाशकात चित्रपट काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांच्या काळी तर अडचण आणखी मूळची होती. तेव्हा सर्रास मिळणारी कृष्णधवल फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. निळं आकाश तिच्यावर पांढरंफटक व्हायचं आणि कपाळावरचं लालभडक कुंकू काळ्या टिकलीसारखं उमटायचं. मुलांना हे सांगून बघा, पटकन लक्षात येतं: फिल्मला डोळे असतात आणि ते डोळे आपल्यासारखे नसतात.

रंगीत फिल्म आली तेव्हा हे डोळे तपासायला माप लागलं. कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना नमुन्याचं एक कार्ड पाठवायची. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्लीची कातडी ठीक दिसली की मशीन ठीक लागलं, असा हिशेब. कॅनडातल्या संशोधक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली यावर लेख प्रसिद्ध केला. त्यात एक गंमत आहे, कडवट गंमत. तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार कंपनीकडे नेटाने केली ती चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी. सागवान आणि शिसवी वेगळं दिसावं म्हणून फिल्म सुधारली, आणि तिचा फायदा माणसांना मिळाला.

पण ग्रुप फोटोचं खापर एकट्या फिल्मवर फोडू नका. कॅमेऱ्याचं प्रकाशमापक समोरचं सगळं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. समोर पन्नास पांढरे सदरे असले की त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि ते उजेड कमी घ्यायला सांगतं. सदरे करडे होतात, सावळे चेहरे बुडतात. उलटी गोष्ट काळाराम मंदिरापाशी होते. तिथला काळा दगड चौकटभर आला की मापक म्हणतं अंधार आहे, उजेड वाढवा. मग दर्शनाला आलेल्या आजोबांचं धोतर सपाट पांढरं होऊन जातं. उपाय एकच, आणि तो मोबाइललाही चालतो: ज्याचा फोटो आहे त्याच्या चेहऱ्यावर माप घ्या.

आता फिल्म घेऊन रस्त्यावर उतरू. सकाळच्या उन्हात गोदाघाटावर कोडॅक गोल्ड २०० सुरेख चालते. तिचा कल पिवळ्याकडे, ऊबदार. हळद, झेंडू, पितळेची भांडी तिला मानवतात. पण तुम्ही सराफ बाजाराच्या गल्लीत शिरलात की ती धापा टाकते. लख्ख उन्हात २०० ची फिल्म साधारण सेकंदाच्या अडीचशेव्या भागात एफ-१६ वर चालते. गल्लीच्या सावलीत तेवढ्याच वेगाला एफ-४ पर्यंत छिद्र उघडावं लागतं. छिद्र मोठं झालं की फोकसची खोली कमी होते, आणि चालत्या माणसावर नेमका फोकस धरायला कुणी थांबत नाही. ४०० ची फिल्म इथे एक पायरी वाचवते. रस्त्यावरच्या फोटोसाठी जाणकार ४०० का मागतात त्याचं कारण हे.

४०० मध्ये माझं मत पोर्ट्राच्या बाजूने. १९९८ पासून कोडॅक ही मालिका काढतं, मुख्यतः माणसांच्या फोटोंसाठी. रंग मवाळ, कातडीच्या छटा एकमेकींत अलगद मिसळणाऱ्या. एकाच चौकटीत उन्हातली गोरी आजी आणि सावलीतली सावळी नात असली तर दोघींना न्याय देते. एक पायरी जादा उजेड दिला तर बिघडत नाही, उलट सावल्या उघडतात. अल्ट्रामॅक्स ४०० स्वस्त, रंग भडक, दाणा जरा जाड. बाजाराच्या गजबजाटाला तो भडकपणा शोभतोही. एक्टार १०० चा दाणा फार बारीक आणि रंग फार गडद. तांब्याच्या हंड्यांवर ती जीव ओतते, पण चेहरे लालबुंद करते. चेहऱ्यांसाठी मी ती घेणार नाही. फुजीच्या सुपिरियाचा ओढा हिरव्या-निळ्याकडे. पावसाळी नाशिकला तो साजतो. फुजीने १९८९ च्या रिआला फिल्मपासून एक चौथा थर घालायला सुरुवात केली, तो पुढे सुपिरियातही आला. आपल्या घराघरातल्या ट्यूबलाइटखाली चेहरे हिरवट पडायचे, ते या थरामुळे बरेच कमी झालं.

खरी परीक्षा रंगपंचमीला. जुन्या नाशकात त्या दिवशी पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. जमिनीत बांधलेले दगडी हौद, एरवी झाकलेले. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि माणसं त्यात 'धप्पा' मारतात. पिवळ्या रहाडीत चौकट पूर्ण पिवळी होते. इथे फिल्म चुकत नाही, लॅबचं मशीन चुकतं. छापताना ते सरासरी काढतं, एवढा पिवळा असणारच नाही असं ठरवतं आणि पिवळा उपसून टाकतं. माणसं निळसर, आजारी दिसायला लागतात. तेव्हा दोन फिल्मची तुलना करायची तर लॅब एकच ठेवा आणि आपोआप रंगदुरुस्ती बंद ठेवायला सांगा. नाहीतर तुम्ही फिल्मची नव्हे, दोन ऑपरेटरांची तुलना करत बसाल.

स्लाइडच्या फिल्मला हा मधला दलाल नसतो. जे उमटलं तेच अंतिम. रघुवीर सिंह यांनी भारतातले रस्ते वर्षानुवर्षं कोडॅक्रोमवर टिपले. त्यांचं मुंबईवरचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. रस्त्यावरचा गंभीर फोटो म्हणजे कृष्णधवल असा दंडक असताना ते रंगाला धरून राहिले. पण स्लाइड चुका माफ करत नाही, अर्धी पायरी इकडेतिकडे झाली की पांढरं जळतं किंवा सावली मिटते. घाटावरच्या दुपारच्या उन्हात तर फारच कठीण. कोडॅक्रोम २००९ मध्ये बंद झाली. आज स्लाइड हवी असेल तर २०१८ साली परत आलेली एक्टाक्रोम ई१०० हा एक पर्याय आहे.

फिल्म महाग आहे हे खरंच. रोल, धुलाई, स्कॅनिंग धरून एका फोटोला ४०-५० रुपये सहज पडतात, त्यामुळे वर्गासाठी रोल आणा असं मी सांगणार नाही. मुलांना घरातली जुनी निगेटिव्हची पट्टी आणायला सांगा. ती कडेला धरायची, बोटांचे ठसे उमटू द्यायचे नाहीत. खिडकीशी धरली की नारिंगी झाक दिसते. रंगांच्या थरांमधली भेसळ छापताना दुरुस्त व्हावी म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. काठावर कंपनीचं नाव आणि चौकटींचे आकडे वाचता येतात. मोबाइलचा पडदा पांढरा करून त्यावर पट्टी ठेवा, दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा आणि रंग उलटे करा. आत्याच्या लग्नातला शालू हिरवा निघतो की निळा, यावर वर्गात वाद होईल. मग मुलांना शालू खरा कोणत्या रंगाचा होता हे घरी आत्यालाच विचारून यायला सांगा.