फॅन्टसी फुटबॉल : खेळ कुठवर, जुगार कुठून?

इंग्लंडमधील प्रीमियर लीगचे फुटबॉल सामने सुरू झाले की आपल्याकडचीही कित्येक मुले मोबाईलवर गुणांची बेरीज करीत बसलेली दिसतात. ना मैदान, ना चेंडू, तरी म्हणतात, "आज माझ्या संघाला साठ गुण मिळाले!" आईवडिलांना साहजिकच प्रश्न पडतो, हा खेळ आहे की जुगार? वाचकहो, उत्तर देण्याआधी हा खेळ समजून घेऊ या.

याचे नाव 'फॅन्टसी फुटबॉल', म्हणजे कल्पनेतला संघ. त्याचा जन्म अमेरिकेतला. १९६२ साली ओकलंडच्या संघातील एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी मित्रांच्या मदतीने त्याचे नियम तयार केले. अर्थात तो अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचा. इंग्लंडमध्ये हा प्रकार १९९१ पासून रुजला आणि प्रीमियर लीगचा स्वतःचा खेळ २००२ मध्ये सुरू झाला. आज तो जगभरात एक कोटीहून अधिक लोक खेळतात. त्यात भाग घ्यायला पैसा लागत नाही.

खेळाची रीत अशी. प्रत्येकाला १० कोटी पौंड मिळतात, तेही कल्पनेतले! त्यातून १५ खेळाडू घ्यायचे : २ गोलरक्षक, ५ बचावपटू, ५ मधल्या फळीतले आणि ३ आघाडीचे. एका क्लबचे तिघांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. नामवंत खेळाडू महाग असतो. त्याला घेतले की दुसरीकडे काटकसर करावीच लागते. घरखर्च चालविणाऱ्या गृहिणीला हे गणित सांगायला नको!

मग खऱ्या मैदानावर ते खेळाडू जे करतील त्याचे गुण आपल्याला मिळतात. आघाडीच्या खेळाडूने गोल केला तर ४, बचावपटूने केला तर ६. बचावपटू साठ मिनिटे खेळला की २ आणि तो मैदानावर असेपर्यंत संघावर गोल झाला नाही तर आणखी ४. पिवळे कार्ड मिळाले की १ गुण वजा, लाल मिळाले की ३. आपण नेमलेल्या कप्तानाचे गुण दुप्पट होतात. म्हणजे गोल करणाऱ्याबरोबर मागे राहून गोल अडविणाऱ्याच्या कष्टांचीही येथे नोंद होते.

लोकांना हा खेळ का आवडतो? एक तर त्यात अभ्यास लागतो. कोण जखमी आहे, पुढचा सामना कोणाशी आहे, हे पाहावे लागते. डिसेंबर २०१९ मध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन सत्तर लाखांहून अधिक खेळाडूंत काही काळ पहिला होता! दुसरे म्हणजे मित्रांची संगत. दहा जण मिळून आपली छोटी लीग करतात आणि आठवडाभर एकमेकांची थट्टा चालते.

परंतु याच खेळाला प्रवेश फी लागली की चित्र पालटते. सर्वांच्या फीमधून कंपनी आपला वाटा काढून घेते आणि उरलेल्या रकमेतले मोठे बक्षीस थोड्यांच्या हाती पडते. बाकीचे गेलेला पैसा भरून काढण्यासाठी पुन्हा पैसे लावतात. हा कौशल्याचा खेळ आहे, असे काही न्यायालयांनी म्हटले होते. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. कौशल्य असो वा नशीब, कायद्याने भेद केला नाही. मुंबईच्या 'ड्रीम इलेव्हन' कंपनीनेही तेव्हा पैशांच्या स्पर्धा बंद केल्या.

तेव्हा पालकांनो, मुलाच्या हातून मोबाईल हिसकावण्यापूर्वी एवढेच विचारा, "यात पैसे भरावे लागतात का?" नाही म्हणाला तर जवळ बसून त्याच्याकडून गुणांचे गणित समजून घ्या. हो म्हणाला तर मात्र तिथेच थांबवा. चोरून चालणारे असे खेळ अजूनही गळ टाकून बसलेले असू शकतात आणि महिन्याचा पगार जायला एक रात्र पुरते.