केबल काढली, मग टीव्ही दिसतो कसा?

मुलांनो, मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातला एक मुलगा हळूच टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाई, आमच्या बाबांनी केबल काढून टाकली. आता आजी रोज साडेसातला टीव्हीपुढे बसते आणि चिडते. काय करायचं?"

मला आधी हसू आलं, पण लगेच आमचंच घर आठवलं. महिन्याचे पैसे वाचतील म्हणून आम्हीही टीव्हीच्या मागे अंगठ्यापेक्षा थोडी मोठी स्ट्रीमिंग स्टिक लावली होती. मुलं खूश! सासूबाई मात्र रिमोट हातात धरून विचारत होत्या, "अगं, पण बातम्या कितव्या नंबरावर?" नंबरच नाहीत, हे त्यांना कसं सांगायचं? केबलवाले दादा वायर काढायला आले तेव्हा नेहमीसारखा चहा घेतला, पण फारसं बोलले नाहीत. इतक्या वर्षांची ओळख. मलाही चुटपुट लागून राहिली.

तर आधी हे बघू, की फरक काय झाला. केबलच्या वायरीतून सगळ्या वाहिन्या ठरलेल्या वेळेला येतात. आपण वेळेवर बसलो तर दिसणार, नाहीतर गेलं. स्टिकचं तसं नाही. आपण मागू तोच कार्यक्रम इंटरनेटवरून, आपण मागू तेव्हा येतो. म्हणजे आजीची खरी अडचण वायरीची नव्हतीच, घड्याळाची होती!

आणि घड्याळाशी हे भांडण फार जुनं आहे बरं का. १९५६ साली अमेरिकेत अ‍ॅम्पेक्स कंपनीने टीव्ही केंद्रांसाठी पहिला उपयोगी व्हिडिओ रेकॉर्डर दाखवला. चित्रात आवाजापेक्षा कितीतरी जास्त माहिती असते, त्यामुळे साध्या टेपरेकॉर्डरसारखी टेप चालवली तर ती भन्नाट वेगाने पळवावी लागली असती. मग त्यांनी युक्ती केली. टेप बेताच्या वेगाने सोडली आणि चित्र लिहिणारं हेडच मिनिटाला १४,४०० फेरे फिरवलं! ते यंत्र कपाटाएवढं होतं. घरात ठेवता येईल असं बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि व्हीएचएस १९७६ मध्ये आलं. माझे बाबा सांगतात, त्यांच्या चाळीत गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणायचे आणि रात्रभर तीन-तीन सिनेमे बघायचे.

सिनेमा कंपन्यांना मात्र हे यंत्र आवडलं नाही. लोक घरबसल्या टेप करू लागले तर आपलं कसं व्हायचं? दोन मोठ्या कंपन्यांनी सोनीवर खटला भरला. तो सात वर्षांहून थोडा जास्त चालला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की नंतर बघण्यासाठी घरी कार्यक्रम टेप करणं हा गुन्हा नाही. एका मताने वाचलं बघा!

याच यंत्राने फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी काय केलं असेल? त्या पूर्वी ग्रंथपाल होत्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये वारेपर्यंत त्यांनी घरी रात्रंदिवस बातम्या टेप केल्या. एकाच वेळी अनेक रेकॉर्डर चालू! बाहेर जेवायला गेल्या तरी टेप बदलायला घरी पळावं लागे. सुमारे ७०,००० टेपा जमल्या. लोकांना ते वेड वाटलं, पण वाहिन्यांनी स्वतः न जपलेल्या कितीतरी बातम्या आज त्या टेपांमध्ये आहेत.

पुढे टेप जाऊन हार्ड डिस्क आली. १९९९ मध्ये अँथनी वुड यांच्या कंपनीने रिप्लेटीव्ही नावाचा असा रेकॉर्डर विकायला काढला. गंमत म्हणजे याच माणसाच्या रोकू कंपनीने २००८ मध्ये नेटफ्लिक्स टीव्हीवर दाखवणारा डबा काढला. जपानी भाषेत रोकू म्हणजे सहा. ही त्यांची सहावी कंपनी होती ना!

स्ट्रीमिंगमध्ये कार्यक्रमाचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात. ते आधी तुमच्या स्टिकमध्ये साठतात, गच्चीवरच्या टाकीसारखे. नळ बारीक झाला तरी टाकीत पाणी असेपर्यंत बादली भरते. टाकी रिकामी झाली, की पडद्यावर गोल फिरायला लागतं.

आता पालकांसाठी थोडा हिशोब. (मुलांनी तोंडी करावा.) एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलवर दिवसाला दीड जीबी मिळत असेल, तर टीव्ही किती वेळ चालेल? फक्त अर्धा तास! म्हणजे घरी वायफाय हवंच. त्यात तीन-चार अ‍ॅप्सची वर्गणी मिळवा. आमच्या घरी पहिल्या वर्षी ही बेरीज केबलपेक्षा जास्त भरली. मग दोन अ‍ॅप्स बंद केली. आणि करार संपला की आवडता कार्यक्रम अ‍ॅपवरून एक दिवस गुपचूप नाहीसाही होतो. टेपचं तसं नव्हतं.

सासूबाईंसाठी आम्ही शेवटी डीडी फ्री डिशची छत्री बसवली. दूरदर्शनची ही सेवा २००४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. सगळ्या वाहिन्या तिथे नसतात, पण नंबर असतात! काही डब्यांना पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंगही करता येतं. आमच्या डब्याला येतं, आणि सासूबाई ते माझ्यापेक्षा चांगलं करतात.

त्या मुलाच्या आजीला मात्र छत्री लागली नाही. नातवाने अ‍ॅपवर मालिका शोधून दिली. आता आजी जेवणं झाल्यावर बघते, आणि मध्येच फोन वाजला तर "थांबव रे जरा" म्हणते. परवा तो सांगत होता, एकच तक्रार उरली आहे. शेजारच्या काकूंकडे अजून केबल आहे, आणि साडेसातचा भाग बघून झाला की त्या आठ वाजता येऊन सगळी गोष्ट सांगून टाकतात.