बंद का पडते, त्याआधी कधी पडते

मिसिंग करणारी मोटारसायकल समोर आली की बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो हाताशी असतो, फिरवायला पैसे पडत नाहीत आणि फिरवला की आवाज लगेच बदलतो. म्हणूनच मला त्याची भीती वाटते. मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर आपण केलेल्या बिघाडाचा एक थर चढतो.

कराडजवळच्या गावातून पहाटे दूध घालायला येणाऱ्या मामांची स्प्लेंडर अशीच आली. जुनी, ९७.२ सीसीची, कार्ब्युरेटरवाली. "रेस दिली की झकास चालतीया दादा, पण चौकात थांबली की बंद पडतीया. मागनं फटाकं बी वाजत्यात."

निम्मं निदान या बोलण्यातच होतं. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असतं तर गाडी उलट वागली असती: थोडं अंतर नीट जाऊन दम तोडला असता, आणि झाकण उघडताच सूं करून हवा आत गेली असती. रेसवर ही खणखणीत चालते, म्हणजे मेन जेटमधून पेट्रोल पुरेसं येतंय. आयडलला मरते, सायलेन्सरमध्ये फटके मारते, म्हणजे मिश्रणात हवा जास्त होतेय. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते. कुठून तरी चोरटी हवा शिरत असेल तर मोठ्या रेसवर ती एकूण हवेच्या मानानं किरकोळ ठरते, आयडलला मात्र सगळा हिशेब बिघडवते. पण पायलट जेटमध्ये कचरा असला तरी लक्षणं हीच दिसतात, आणि टॅपेट टाइट असले तरीही आयडल टिकत नाही.

म्हणून आधी प्लग काढला. पांढऱ्या चिनीमातीचा टोकाकडचा भाग फिका तपकिरी असला तर इंजिन ठीक, काजळी धरली तर पेट्रोल जास्त, तेलानं ओला असला तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघायचं. हा पांढुरका निघाला. टोपीत बसवून, प्लगच्या भोकापासून लांब हेडला टेकवून किक मारली. ठिणगी निळी, जोरकस. करंटची शंका तिथंच संपली.

मग टॅपेट. हे काम इंजिन गार असतानाच करायचं. मॅग्नेटवरची टी खूण जुळवली, दोन्ही रॉकर सैल आहेत हे बोटांनी हलवून पाहिलं आणि ०.०५ मिमीचं फिलर गेज घातलं. इनटेकला पान हलका अडसर देत सरकलं. एक्झॉस्टला शिरेचना. इथं मला थोडं थांबून सांगावंसं वाटतं. टिकटिक वाजणाऱ्या टॅपेटची तक्रार घेऊन लोक लगेच येतात, आवाज पूर्ण बंद झाला की खूश होतात. खरा धोका त्या शांततेत असतो. फट उरली नाही की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि सीटला टेकून उष्णता सोडायची सोय न राहिल्यानं व्हॉल्व्हची कड जळायला लागते. वाजणारं टॅपेट त्यापेक्षा कितीतरी बरं.

फट बसवली, गाडी चालू केली. सुधारली, पण पुरती नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलल्यामुळे एवढं तरी खात्रीनं म्हणता आलं.

फ्लोट चेंबरचं पेट्रोल काचेच्या बाटलीत उतरवलं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की ते तळाशी वेगळं बसतं, आणि पावसाळ्यात हा त्रास नेहमीचा. बाटली उजेडात धरली. तळाला पाण्याचा थर नव्हता, कचराही नव्हता.

आता चोरटी हवा. इंजिन आयडलला ठेवून कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर बारीक पिचकारीनं पाणी मारलं. इथं पेट्रोल मारू नये, गरम सायलेन्सर हातभरावर असतो. खालच्या बाजूला पाणी लागलं आणि आवाज क्षणभर सावरला. पाणी आत ओढलं गेलं तसा पुन्हा अडखळला. मामांनाही तो फरक ऐकू आला.

सांधा उघडला. ओ-रिंग चपटी होऊन कडक झाली होती, सुईनं उचलताच तुटली. नुसती नवी घालून भागणार नव्हतं, कारण बोल्ट कुणीतरी जीव खाऊन आवळल्यानं कार्ब्युरेटरची फ्लँज मधून उचलली होती. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ती आठाच्या आकारात फिरवत घासली. आधी फक्त दोन टोकं चमकली, मग ती चमक हळूहळू मध्यापर्यंत सरकली. तोंड पूर्ण एकसारखं झाल्यावर ते धुतलं, हवा मारली, नवी रिंग बसवली आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीनं, बेतानं आवळले.

एअर स्क्रूला हात लागला तो यानंतर. इंजिन गरम करून, आवाज सर्वांत चढतो तिथं स्क्रू ठेवला, मग आयडलचा स्क्रू उतरवत नेला. या इंजिनाचं आयडल मिनिटाला सुमारे १४०० फेरे. फोर-स्ट्रोक असल्यानं स्फोट त्याच्या निम्मे, म्हणजे सेकंदाला बाराच्या आसपास. सवयीच्या कानाला त्यातला एक चुकलेलाही कळतो. थोडा वेळ कान लावून बसलो. एकही चुकला नाही. मग मामांना सांगितलं, महिनाभरानं सकाळी, इंजिन गार असताना गाडी घेऊन या, एक्झॉस्टची फट पुन्हा मोजायची आहे.