महिन्याभराची कादंबरी आणि त्याआधीचा महिना

१८६६ च्या ऑक्टोबरात फ्योदर दस्तयेव्हस्की पुरता अडकला होता. स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाकडून आदल्या वर्षी त्याने तीन हजार रूबल उचलले होते. करारातली अट अशी, की १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी हाती आली नाही, तर नऊ वर्षं त्याचं लेखन छापण्याचा हक्क प्रकाशकाला फुकटात मिळणार. तिकडे ‘गुन्हा आणि शिक्षा’ मासिकात क्रमशः चालू होती आणि या नव्या कादंबरीचं पानही झालेलं नव्हतं. शेवटी मित्राच्या सल्ल्याने त्याने लघुलेखन शिकलेल्या मुलीला कामावर घेतलं. वीस वर्षांची ॲना दुपारी येई, तो सांगेल ते टिपून घेई आणि घरी जाऊन स्वच्छ प्रत करी. सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ संपली. प्रकाशक तेवढ्यात शहराबाहेर निघून गेलेला, म्हणून हस्तलिखित पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी लागली.

सांगणारे ही गोष्ट सव्वीस दिवसांवर आणून सोडतात. पण १८६३ मध्येच रोमहून लिहिलेल्या पत्रात दस्तयेव्हस्कीने या जुगाऱ्याचा आराखडा कळवला होता, आणि रूलेटवर स्वतःचे पैसे घालवण्याचा अनुभव तर हवा तेवढा गाठीशी होता. आपल्याकडे भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीत ‘कोसला’ काही आठवड्यांत हातावेगळी केली, तेव्हाही खानदेशातलं घर आणि पुण्यातली कॉलेजची वर्षं जगून झालेली होती. झपाट्याने झालं ते लिहिणं. बाकीचं आधीच जमा होतं.

या घाईचा पुढे सार्वजनिक उत्सव झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी आणि त्याचे मित्र असे एकवीस जण जुलै १९९९ मध्ये महिन्याभरात कादंबरी लिहायला बसले. दुसऱ्या वर्षी हा उपक्रम नोव्हेंबरात गेला. ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’ हे भारदस्त नाव मागे पडून लोकांच्या तोंडी ‘नॅनोरायमो’ बसलं. नियम एकच: तीस दिवसांत पन्नास हजार शब्द, म्हणजे रोजचे १,६६७. चांगले की वाईट, हे कोणी विचारायचं नाही. ही संस्था २०२५ मध्ये बंद झाली. तरी महिन्याची कल्पना टिकून आहे, आणि त्याआधीचा ऑक्टोबर तयारीचा, हेही लोकांच्या अंगवळणी पडलं आहे.

तयारी म्हणजे काय, यावर मात्र एकमत नाही. काहीजण भिंतभर तक्ते लावतात, प्रत्येक प्रकरणाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी चिकटवतात. मला हा प्रकार संशयास्पद वाटतो. तक्ता इतका देखणा होतो की लिहायची गरजच उरत नाही.

जॉर्ज सिमेनॉनची पद्धत मला जास्त पटते. हा बेल्जियन लेखक अकरा-एक दिवसांत कादंबरी संपवायचा, रोज एक प्रकरण. बसण्याआधी टेलिफोनच्या डिरेक्टरीतून नावं शोधायची आणि एका मोठ्या पाकिटावर पात्रांची नावं, वयं, घरची माणसं एवढंच टिपायचं. पुढे काय घडणार, हे त्यालाही ठाऊक नसे. सुरू करण्यापूर्वी डॉक्टरला बोलावून रक्तदाबही तपासून घ्यायचा.

हे पाकीट मराठीत करून पाहू. समजा, कादंबरी कराडच्या एसटी आगारातल्या एका महिला वाहकाची आहे. नाव काय? ‘सुनंदा’ की ‘रूपाली’, यावर वय ठरतं. सुनंदा, वय सत्तेचाळीस. नवरा काय करतो, सासू अजून आहे का, मुलगा कितवीत, घर स्वतःचं की भाड्याचं? मग खरी अडचण येते. ती मुक्कामी गाडीवर जाते, पण ती गाडी रात्री कुठल्या गावात थांबते? वाहक तिथे झोपते कुठे? पहाटे गाडी किती वाजता सुटते, आणि तोवर चहाची टपरी उघडलेली असते का? रोकड कुठे भरायची, किती वाजेपर्यंत? यातली एकही गोष्ट कल्पनेतून येत नाही. लिहिण्याच्या महिन्यात अकराव्या दिवशी हा प्रश्न पडला की माणूस फोन करतो, मग मोबाइल बघतो, मग झोपतो. आदल्या महिन्यात स्टँडवर दोन संध्याकाळी घालवल्या की हे सगळं पाकिटावर येतं. त्यासोबत आणखी दोन निर्णय हवेत: गोष्ट कोण सांगतंय, आणि पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या प्रसंगापर्यंत किती काळ जातो. शेवट ठरलेला नसला तरी चालतं. किंबहुना नसावाच, नाहीतर पंधराव्या दिवशी लेखकालाच कंटाळा येतो.

दुसरी तयारी घरातली, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. काझुओ इशिगुरो १९८७ च्या उन्हाळ्यात ‘द रिमेन्स ऑफ द डे’ लिहायला बसला तेव्हा सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते रात्री साडेदहा, चार आठवडे लिहीत राहिला. दुपारच्या जेवणाला एक तास, रात्रीच्या जेवणाला दोन. टपाल पाहायचं नाही, फोनजवळ फिरकायचं नाही, घरी कोणी यायचं नाही. इंग्लंडमधल्या नोकरवर्गावरची पुस्तकं, दोन महायुद्धांमधल्या राजकारणावरचं वाचन, हे सारं त्याने आधीच उरकलं होतं. वाक्य गचाळ झालं, आधीच्या पानाशी विसंगत झालं, तरी मागे वळायचं नाही, असा त्याचा शिरस्ता. मात्र त्या चार आठवड्यांत त्याच्या वाटचा स्वयंपाक आणि घरकाम त्याच्या बायकोने, लोर्नाने, स्वतःचं काम सांभाळून केलं. त्याने ते मोकळेपणाने सांगितलं आहे. दस्तयेव्हस्कीच्या प्रती रात्री जागून ॲनाने केल्या, आणि पुढच्या वर्षी तो तिच्याशीच लग्न करून मोकळा झाला. ज्या घरात लिहिणारीच सकाळचे डबे भरते, तिथे आदल्या महिन्यातलं पहिलं काम कथानकाचं नव्हे. महिनाभर पोळ्या कोण करणार, हे नाव घेऊन ठरवायचं.

नोव्हेंबरचा हट्टही आपण का धरावा? दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात, आणि फराळ, पाहुणे, भाऊबीज यांत आठवडा जातोच. तुळशीचं लग्न झालं की आमंत्रणांचा मारा सुरू. माझ्या मते मराठी माणसाने पौष निवडावा. लग्नकार्यं नाहीत, सण म्हणाल तर एक संक्रांत. मार्गशीर्षात पाकीट भरायचं, पौषात लिहायचं.

पन्नास हजारांचा आकडाही डोळे मिटून घेऊ नये. तो इंग्रजीच्या मापाचा आहे. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत बसतो. चाळीस हजारांतही भरपूर ऐवज येतो. सव्वीस दिवस लिहायचं आणि चार दिवस राखीव ठेवायचे, तर रोजचे साधारण दीड हजार शब्द होतात, हाताने लिहिलेली पाच-सहा फुलस्केप पानं. बऱ्यापैकी सवय असलेल्याला दोन ते अडीच तास लागतात. ही सवय आहे की नाही, हेही आदल्या महिन्यात कळून घ्यावं: आठवडाभर रोज त्याच वेळी, त्याच जागी बसून काहीही लिहावं, अगदी सुनंदाच्या सासूची तक्रारसुद्धा. सकाळी सहाला बसणार म्हणून ठरवलेला माणूस तिसऱ्याच दिवशी रात्री अकराला बसतो, असं दिसलं तर वेळापत्रक तेव्हाच बदलता येतं.

आजारपणाने अठ्ठेचाळीस तास खाडा पडला, की सिमेनॉन झालेली प्रकरणं टाकून द्यायचा आणि त्या कादंबरीकडे पुन्हा वळायचा नाही. इतकं कडक कोणी राहू नये. ताप आला तर राखीव दिवस वापरावेत, आणि बरं वाटल्यावर जिथे अडलो त्याच्या पुढच्या प्रसंगापासून सुरुवात करावी. गाळलेल्या जागी कंसात ‘इथे सासूशी भांडण’ एवढं लिहून ठेवावं. ते भांडण माघात लिहिता येतं.