‘प्रिंट’चा हुकूम आणि पडद्यावरची खिडकी

प्रोग्रामिंगचे पहिले पाठ गिरविणाऱ्या विद्यार्थ्याची ‘प्रिंट’ या हुकुमाशी ओळख पहिल्याच दिवशी होते. परंतु समोर ना कागद, ना शाई, ना छपाईचे यंत्र असताना या हुकुमाला ‘छापणे’ असे नाव का पडले असावे, हा प्रश्न त्याच्या मनाला सहसा शिवत नाही. तो पडावयास हवा. कारण पुढे खिडक्यांचे प्रोग्राम लिहू लागल्यावर ज्या जागी तो हमखास अडखळतो, त्या जागेचे मूळ या नावातच दडलेले आहे.

1 मे 1964 रोजी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांची बेसिक भाषा प्रथम चालली, तेव्हा तिचे उत्तर पाहावयास काचेचा पडदा नव्हता. तारायंत्राच्या कुळातला टेलिप्रिंटर होता. त्या काळातले टेलिटाइप 33 हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे या गतीने, आणि तीही केवळ रोमन लिपीतील मोठी अक्षरे, कागदाच्या गुंडाळीवर ठोकीत असे. एकदा उमटलेले अक्षर मागे घेता येत नसे, ते जागचे हलत नसे, आणि ते जतन करण्याची जबाबदारी कागदाची होती, प्रोग्रामची नव्हे. पुढे कागद गेला, पडदा आला, तरी ‘प्रिंट’ने धाडलेली अक्षरे आजही त्याच गुंडाळीच्या शिस्तीने ओळीखाली ओळ अशी टर्मिनलवर उतरत जातात.

खिडकीचा कायदा वेगळा आहे. 1973 साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावर रुंदीत 606 आणि उंचीत 808, म्हणजे चार लाख एकोणनव्वद हजारांवर ठिपके होते, आणि त्यांतील प्रत्येक ठिपका काळा की पांढरा याची नोंद स्मृतीत ठेवलेली असे. अशा पडद्यावर अक्षर म्हणजे ठिपक्यांचे एक चित्र. त्यावर दुसरी खिडकी येऊन बसली की ते चित्र पुसले जाते, आणि ती बाजूला सरली की ते पुन्हा काढावे लागते. पुन्हा काढावयाचे तर मूळ मजकूर कोणीतरी दप्तरी ठेवलेला असला पाहिजे. खिडकीत मजकूर दाखविणे म्हणजे तो एकदा उमटवून मोकळे होणे नव्हे. तो एखाद्या घटकाच्या स्वाधीन करणे होय, आणि मागणी होईल तेव्हा तो घटक स्वतःचे चित्र नव्याने काढतो.

पायथन भाषेत हे काम नवशिक्याला ‘टीकेइंटर’ या संचाने करता येते. त्याच्या मुळाशी असलेले ‘टीके’ हे साधन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील प्राध्यापक जॉन ऑस्टरहाउट यांनी निर्माण केले. एखाददुसऱ्या ओळीसाठी त्यात ‘लेबल’ आहे आणि लांब मजकुरासाठी ‘टेक्स्ट’. टेक्स्टमधील आरंभीच्या जागेचा पत्ता ‘1.0’ असा लिहितात, कारण ओळी एकापासून मोजल्या जातात आणि अक्षरे शून्यापासून. हा पत्ता दशांश अपूर्णांक समजून घोटाळा करणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. मजकूर कोणी बदलू नये म्हणून टेक्स्टला कुलूप घातले, तर ते प्रोग्रामलाही लागू होते. नवी ओळ घालावयाची असेल तर आधी ते उघडावे लागते.

परंतु खरी कसोटी पुढे आहे. विद्यार्थी एक बटण मांडतो आणि ते दाबले असता लेबलावर 1 ते 10 आकडे सेकंदासेकंदाने दिसावेत अशी तजवीज करतो: आकडा लिहा, एक सेकंद थांबा, पुढचा आकडा लिहा. टर्मिनलवर हीच रचना बिनतक्रार चालते. येथे मात्र बटण दाबलेले ते दाबलेलेच राहते, खिडकी हलेनाशी होते, आणि दहा सेकंदांनंतर लेबलावर एकदम 10 हा एकच आकडा उगवतो. मधले नऊ आकडे गेले कोठे? ते लेबलाच्या दप्तरात एकामागून एक रीतसर नोंदले गेले होते, परंतु त्यांचे चित्र काढावयास सवड मिळाली नाही. खिडकीचा कारभार कचेरीतल्या बारनिशीसारखा चालतो: कळ दाबली, माऊस हलला, खिडकी उघडी पडली, असे अर्ज एका रांगेत दाखल होतात, ‘मेनलूप’ हा कारकून ते क्रमाने हाती घेतो, आणि लेबलाचे चित्र नव्याने काढण्याचे काम हाती दुसरे काही नसेल तेव्हा उरकतो. बटण दाबणे हाही एक अर्जच. आणि त्याचा निकाल लावताना विद्यार्थ्याने कारकुनाला दहा सेकंद खोळंबून ठेवलेले असते.

यावर ‘अपडेट’ या हुकुमाने चित्र जबरीने काढून घेण्याचा तोडगा पुष्कळदा सांगितला जातो. तो मला मान्य नाही, कारण त्या क्षणी रांगेतले इतर अर्जही निकालात निघू लागतात, आणि तेच बटण दुसऱ्यांदा दाबलेले असल्यास एका मोजणीच्या पोटात दुसरी मोजणी सुरू होते. सरळ मार्ग ‘आफ्टर’ हा आहे: एक आकडा लिहावा, 1000 मिलिसेकंदांनी पुन्हा बोलवावे असे सांगून ठेवावे, आणि कारकुनाला तत्काळ मोकळे करावे.

आपल्या लिपीमुळे या विषयाला आणखी एक पदर लाभला आहे. ‘किल्ला’ या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र त्याचे सहा संकेत आहेत: क 2325, ऱ्हस्व वेलांटी 2367, ल 2354, हलन्त 2381, पुन्हा ल 2354 आणि काना 2366. वेलांटी स्मृतीत क नंतर ठेवलेली असते आणि पडद्यावर क च्या आधी काढली जाते. दोन ल आणि हलन्त यांचे जोडाक्षर दाखविण्याच्या वेळी घडविले जाते. पायथनला या शब्दाची लांबी विचारली तर ती सहा येते, आणि पहिले चारच संकेत लेबलावर ठेवले तर ‘किल्’ असा पाय मोडलेला शब्द दिसतो. साठविलेला मजकूर आणि दिसणारे चित्र या दोन निराळ्या वस्तू आहेत, ही गोष्ट रोमन लिपीच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावी लागते. मराठी मुलाला ती स्वतःच्या नावातही आढळू शकते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की विद्यार्थ्याच्या पहिल्या खिडकीत त्याचे नाव देवनागरीत लिहून घ्यावे आणि त्याचे संकेत त्यालाच मोजू द्यावेत. त्यानंतर दहापर्यंतची मोजणी त्याच्या मनाप्रमाणे लिहू द्यावी आणि खिडकी दहा सेकंद गोठलेली त्याला एकदा पाहू द्यावी. ‘आफ्टर’चे नाव तोपर्यंत काढू नये.