वावराचा हिशेब

जमीन, खर्च, हिशेब, मजुरी हे शब्द तुम्ही घरी रोज ऐकता. मराठीतही ते तसेच आहेत. आज या ओळखीच्या शब्दांतून शेतीचा जमाखर्च समजून घेऊ.

नागपूरकडे शेताला वावर म्हणतात. समजा, काटोलजवळ एका शेतकऱ्याची दहा एकर जमीन आहे. पाच एकरांत कापूस, तीन एकरांत सोयाबीन आणि दोन एकरांत संत्र्याची बाग आहे.

शेतीचा खर्च दोन प्रकारचा असतो. कापसाचे बियाणे आणि वेचणीची मजुरी हा फक्त कापसाचा खर्च. तो कापसाच्याच नावावर लिहावा. पण राखण आणि विहिरीवरची मोटार यांचा खर्च सगळ्या वावरांचा मिळून असतो. त्याला सामाईक खर्च म्हणतात. तो कसा वाटायचा?

राखणदार सर्व वावरांवर सारखीच नजर ठेवतो. म्हणून राखणीचा खर्च एकरांप्रमाणे वाटावा. राखणीला २०,००० रुपये लागले, तर एकरी २,००० रुपये पडतात. सोयाबीनच्या वाट्याला ६,००० रुपये येतात.

मोटारीचे तसे नाही. तिचा खर्च १२,००० रुपये झाला. ती वर्षात ३०० तास चालली. त्यांपैकी २४० तास संत्र्यासाठी आणि ६० तास कापसासाठी. सोयाबीन पावसाच्या पाण्यावरच आले. म्हणजे तासाला ४० रुपयांप्रमाणे संत्र्याकडे ९,६०० आणि कापसाकडे २,४०० रुपये जातात. सोयाबीनकडे काहीच नाही.

आता गंमत पाहा. सोयाबीन ६०,००० रुपयांना विकले. त्याचा स्वतःचा खर्च ५२,००० रुपये आणि राखण ६,००० रुपये. नफा २,००० रुपये. पण मोटारीचा खर्चही एकरांप्रमाणे वाटला असता, तर सोयाबीनवर आणखी ३,६०० रुपये पडले असते आणि वहीत १,६०० रुपये तोटा दिसला असता! मग शेतकऱ्याने चांगले पीक विनाकारण सोडून दिले असते.

आणखी एक गोष्ट. घरची माणसे शेतात राबतात. त्यांची मजुरी कोणी मागत नाही, म्हणून ती वहीत लिहायची राहून जाते. केंद्र सरकारने १९६५ साली नेमलेला आयोग आज कृषी खर्च व मूल्य आयोग म्हणून ओळखला जातो. पिकांचा खर्च मोजताना तो घरच्या माणसांची मेहनतही पैशांत धरतो. तुमची आई निंदायला जात असेल, तर तिचे दिवसही मोजा.

लक्षात ठेवा, ज्या वावराने जेवढे वापरले, तेवढाच खर्च त्याच्या नावावर लिहावा. आता सांगा, बैलजोडीच्या चाऱ्याचा खर्च तुम्ही कसा वाटाल? एकरांप्रमाणे, की कामाच्या दिवसांप्रमाणे?