सांगलीची स्मृती, ब्रिस्बेनची दुखापत आणि तुमचं परत आलेलं पार्सल

मागच्या व्हिडिओखाली पंढरपुरातल्या बऱ्याच दुकानदारांचा एकच सूर होता : "वारी संपली की गल्ला थंड. बाहेरगावी माल पाठवून बघितला, पहिलंच पार्सल परत आलं. आता परत कशाला त्या भानगडीत पडायचं?"

याचं उत्तर आज शेजारच्या सांगलीतून घेऊ. स्मृती मानधना भारताकडून खेळते हे तुम्हाला माहीतच आहे. पण परदेशी संघांकडून व्यावसायिक म्हणून खेळताना तिचं काय झालं, ते बघा.

नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात होती. २०१३ मध्ये १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात गुजरातविरुद्ध तिने नाबाद २२४ धावा केल्या. म्हणजे घरच्या बाजारात माल चोख ठरला होता.

२०१६ मध्ये बीसीसीआयने महिला खेळाडूंना परदेशी लीगची परवानगी दिली आणि ऑस्ट्रेलियाच्या ब्रिस्बेन हीटने तिला घेतलं. पण तिथे बॅट फारशी चालली नाही. त्यात जानेवारी २०१७ मध्ये गुडघा दुखावला. ऑपरेशन झालं, पुढचे काही महिने मैदान बंद. परदेशातली पहिली खेप अशी अंगावर आली!

मग आला जूनमधला विश्वचषक. इंग्लंडविरुद्ध ९०, आणि टाँटनच्या मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. पुढच्याच वर्षी टाँटन परिसरातल्याच वेस्टर्न स्टॉर्म संघाने तिला करारबद्ध केलं. तिथे ४२१ धावा, १८ चेंडूंत अर्धशतक आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू! २०२१ मध्ये ती पुन्हा ऑस्ट्रेलियात गेली, सिडनी थंडरकडून, आणि नाबाद ११४ ठोकल्या. २०२३ च्या डब्ल्यूपीएल लिलावात बंगळुरूने ३.४० कोटी मोजले. त्या लिलावातली ती सर्वात मोठी बोली होती.

आता यातून आपण काय घ्यायचं?

१. आधी दुखणं बरं करा. पार्सल का परत आलं? पत्ता अर्धवट होता, पॅकिंग फुटलं, की 'पैसे माल मिळाल्यावर' म्हणून गिऱ्हाईकाने घेतलंच नाही? कारण सापडल्याशिवाय दुसरं पाठवू नका.

२. दुसरी खेप ओळखीच्या मैदानावर पाठवा. टाँटनने तिचं शतक पाहिलं होतं. तुमचा माल कोणी पाहिलाय? आषाढीला दुकानात येऊन गेलेल्या नांदेड, परभणी, जालन्याच्या वारकऱ्यांनी! अनोळखी शहरात जाहिरातीवर पैसे घालण्याआधी त्यांना विचारा.

३. घरचा गल्ला सोडू नका. ती बाहेर खेळली, पण भारताकडून खेळणं थांबलं नाही.

या आठवड्याचं काम : काउंटरवर एक वही ठेवा. बाहेरगावच्या गिऱ्हाईकाला विचारून त्याचं नाव, गाव, व्हॉट्सॲप नंबर आणि काय नेलं ते लिहा. पन्नास नावं झाली की पहिला मेसेज काय पाठवायचा, ते पुढच्या व्हिडिओत बघू. तोवर, पार्सल परत येण्याचं खरं कारण कमेंटमध्ये नक्की लिहा.